पहिलीच्या वर्षांतील धर्मशिक्षण

शाळा उघडून महिना-दीड महिना झाला कीं ज्या घरांत मूल यंदाच पहिलींत गेलें असेल तेथून आम्हांस पत्रें येऊं लागतात. बहुतेकांत अक्षर, डबा, गणवेश यांच्या तक्रारी असतात. त्यांचा विचार पुढें कधीं तरी करूं. परंतु यंदा तीन पत्रांत एकच प्रश्न आहे, आणि तीनही पत्रें आजोबा-आजींनीं लिहिलेलीं आहेत. ‘शाळेंत नातवंडास इंग्रजी गाणीं शिकवितात, रंग शिकवितात, पडद्यावर चित्रें दाखवितात, पण स्तोत्र नाहीं, देवाची गोष्ट नाहीं, धर्म म्हणजे काय याचा एक शब्द नाहीं. पहिल्याच वर्षीं बीज पडलें नाहीं तर पुढें काय उगवणार ? शाळांनीं धर्मशिक्षण द्यावें असें आपण स्पष्ट कां लिहीत नाहीं ?’

स्पष्टच लिहितों. पहिलीच्या मुलास धर्मशिक्षण मिळालेंच पाहिजे, आणि तें शाळेनें देऊं नये. हीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं कशीं, हें पाहावयाचें आहे.

आम्ही राहतों तें राहनाळ गांव भिवंडी शहरास लागून, ठाण्याहून येणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्याच्या बाजूस आहे. पूर्वीं येथें भाताचीं शेतें होतीं. आतां भोंवतालीं गोदामें उभीं राहिलीं आहेत आणि यंत्रमागांचा खडखडाट ऐकूं येतो. आमच्या भागांतील एखाद्या पहिलीच्या वर्गांत डोकावून पाहावें. एकाच सतरंजीवर मूळच्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा, तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकराची मुलगी, उत्तर प्रदेशांतून आलेल्या मुसलमान मागवाल्याचा मुलगा आणि गोदामांत हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या देशस्थ कारकुनाची नात अशीं मांडीला मांडी लावून बसलेलीं असतात. समोर उभ्या असलेल्या बाईंनीं यांस कोणता धर्म शिकवावा ? ‘आपला’ म्हणावें, तर त्या सतरंजीवर ‘आपला’ या शब्दाचे अर्थ चार आहेत.

आणि भिवंडींत हा प्रश्न पुस्तकी नाहीं. १९७० सालच्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथें जी दंगल उसळली तिच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ सालीं पुन्हां तेंच झालें. पुढें पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत दोन्ही समाजांच्या माणसांस एकत्र बसविणाऱ्या समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ सालीं मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत वयस्क माणसांस जें मोठ्या खटपटीनें शिकवावें लागलें, तें पहिलीच्या सतरंजीवर मुलें आपोआप शिकत असतात. तेथें भिंत घालण्याचें काम तरी निदान शाळेकडून होऊं नये.

कायदाही याच अंगाचा आहे. ७ डिसेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत या विषयावर चर्चा झाली तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं जीं कारणें सांगितलीं त्यांचा इत्यर्थ असा, कीं सर्वांच्या करांतून चालणाऱ्या शाळेंत एकाच्या धर्माचें शिक्षण देणें न्याय्य नाहीं. आणि परस्परांशीं न जुळणारे अनेक धर्म एकाच शाळेंत शिकवूं गेल्यास शिक्षण बाजूस राहून कलह माजेल. त्यांतून घटनेचें २८ वें कलम सिद्ध झालें. संपूर्णपणें सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण नाहीं, हा त्याचा पहिला भाग सर्वांस ठाऊक असतो. तिसरा भाग मात्र फारसा कोणी वाचीत नाहीं. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही संस्थेंत विद्यार्थ्यास धर्मशिक्षणास अथवा उपासनेस बसण्याची सक्ति करतां येत नाहीं. मूल अज्ञान असल्यास पालकांची संमति लागते. आपल्यांपैकीं पुष्कळांचीं नातवंडें आज मिशनच्या शाळांत जातात. तेथें त्यांच्यावर परक्या उपासनेची सक्ति होऊं शकत नाहीं ती या कलमामुळें. जें कवच आपल्या नातवास हवें तें मागवाल्याच्या मुलास नको, असें कसें म्हणतां येईल ?

महात्मा गांधींएवढा धर्मनिष्ठ पुरुष. परंतु वर्धा शिक्षणयोजनेंतून धर्मशिक्षण वगळण्याचें कारण १९३८ सालीं देतांना, धर्म आज ज्या रीतीनें शिकविले आणि आचरिले जातात त्यांतून ऐक्यापेक्षां तंटेच निघतात, अशा अर्थाचेंच त्यांनीं लिहिलें. सर्व धर्मांस समान असलेलीं सत्यें मात्र मुलांस शिकवावीं, असें त्यांचें मत होतें. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही असाच भेद केला. धर्माची दीक्षा देणें वेगळें, आणि निरनिराळ्या धर्मांची माहिती देणें वेगळें. दुसऱ्यास घटनेची आडकाठी नाहीं. तेव्हां शाळेंत देवाची गोष्ट मुळींच होऊं नये असें नव्हे.

आणि पत्रकर्त्यांच्या समजुतीप्रमाणें शाळा अगदींच कोरडी आहे, हेंही खरें नाहीं. मराठी शाळांत सकाळचा परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, कित्येक ठिकाणीं पसायदान आणि शेवटीं दोन मिनिटें मौन. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वर महाराजांनीं जें मागणें मागितलें त्यांत विश्वात्मक देवास हांक आहे. कोणा एका पंथाच्या देवाचें नांव नाहीं. म्हणून तें सर्वांच्या तोंडीं शोभतें. शेवटच्या मौनाकडे मात्र शिक्षकांनीं अधिक लक्ष द्यावें, अशी आमची सूचना आहे. सहा वर्षांचीं चाळीस मुलें दोन मिनिटें डोळे मिटून, पंख्याचा आणि लांबच्या मागाचा आवाज ऐकत बसतात, हें लहान काम नव्हे. ‘गप्प बसा’ म्हणून शिक्षेसारखें तें करवून घेतलें तर त्याचें सगळें सत्त्व जातें.

आतां घराकडे वळूं. आमचें दुखणें तेथें आहे. आम्ही वर्गांत शिकवीत असतांना, एका शाळेंत, पहिलीच्या एका मुलानें शेजाऱ्यानें पुढें केलेली अर्धी चिक्की घेतली नाहीं, आणि कां घेत नाहीं याचें कारण असें खणखणीत सांगितलें कीं बाई चकित झाल्या. वाक्य सहा वर्षांच्या मुलाचें नव्हतें. शब्द, त्यांतला हेल, मान उडविण्याची तऱ्हा, सर्व आजोबांचें होतें. त्या मुलास रामरक्षा येत नव्हती, तुळशीस पाणी घालण्याचें ठाऊक नव्हतें. परंतु त्याचें धर्मशिक्षण झालें नव्हतें असें कोण म्हणेल ? ओसरीवर, चहाच्या वेळीं, वर्तमानपत्र वाचतां वाचतां तें रोज चाललें होतें. बाईंनीं त्यास बोल लावला नाहीं, हें त्यांचें शहाणपण. दुसऱ्या दिवसापासून वह्या वाटण्याचें काम त्यांनीं त्या दोघांकडे मिळून दिलें. पंधरवड्यांत चिक्कीचा प्रश्न मिटला. ओसरीचा मिटला कीं नाहीं, तें आम्हांस कळलें नाहीं.

तैत्तिरीय उपनिषदांतील शिक्षावल्लींत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास गुरु अनेक गोष्टी सांगतो. त्यांत एक अशी, कीं आमचें जें सदाचरण असेल तेवढेंच तूं उचल, इतर उचलूं नकोस. तो शिष्य जाणता होता, त्यास निवड करतां येत होती. पहिलीचें मूल सगळेंच उचलतें.

मग घरानें काय करावें ? उपदेश करूं नये, हें प्रथम. या वयांत मुलास ‘परमेश्वर सर्वव्यापी आहे’ हें वाक्य आणि ‘पृथ्वी गोल आहे’ हें वाक्य सारखेंच. तें दोन्ही पाठ म्हणेल. त्याची बुद्धि हातांत असते. मादाम माँटेसरी बाईंनीं बार्सिलोना येथें मुलांच्या उपासनेसाठीं जी खोली केली, तेथें मेज, आसनें, पात्रें सर्व मुलांच्या मापाचीं होतीं, कारण मूल हातानें केल्याखेरीज कांहींच आपलेंसें करीत नाहीं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं हीच पद्धति १९४५ साली तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस खेड्यांतल्या मुलांपर्यंत नेली, आणि तीही महागड्या साहित्याशिवाय. शंख-शिंपले, पानें, बिया यांनींच तिचें काम भागलें. आपलें देवघर तर या दृष्टीनें अगोदरच सज्ज आहे. सहाणेवर गंध उगाळणें, फुलें रंगाप्रमाणें वेगळीं करणें, बेलाचें पान तीन दळांचें आहे कीं नाहीं तें पारखणें, फुलवात वळणें, ताम्हनांतलें पाणी न सांडतां तुळशीपर्यंत नेणें, यांतलें एक काम मुलाकडे नेमून द्यावें, आणि तें त्याचेंच राहूं द्यावें. पाणी सांडेल. सांडूं द्यावें. आजोबांची पूजा पांच मिनिटें लांबेल. त्यानें देवाचें कांहीं बिघडत नाहीं. लहानसें ताम्हन आणि पळी मुलासाठीं निराळी आणावी. मुलीकडे फक्त रांगोळी आणि मुलाकडे पूजा अशी वांटणी आतां पुरे. कन्यांच्याही उपनयनाचें वचन हारीताच्या नांवानें जुन्या निबंधग्रंथांत आलें आहे. तेव्हां गंध उगाळण्यास आडवें येईल असें शास्त्र कोणी काढूं नये.

दुसरें, देवाचा धाक घालूं नये. ‘खोटें बोललास तर देव डोळे फोडील’ हें वाक्य आम्हीं अत्यंत सुशिक्षित घरांत ऐकलें आहे. मूल खोटें बोलतें, डोळे शाबूत राहतात, आणि त्या दिवशीं तें दोन गोष्टी शिकतें : आजी खोटें बोलते, आणि देव कांहीं करीत नाहीं. पंधराव्या वर्षीं तो नास्तिक झाला म्हणून मग महाविद्यालयास दोष देतात. तसेंच परीक्षेंत गुण मिळावेत म्हणून देवास नारळ कबूल करणें. पहिलींत परीक्षा ती काय, आणि तीसाठीं देवाशीं व्यवहार कसला !

स्तोत्रपाठ अवश्य असावा. परंतु त्याचा हेतु या वयांत अर्थ नसून वाणी आहे. न आणि ण, स, श आणि ष, ऱ्हस्व आणि दीर्घ यांची जी घडण स्तोत्रानें होते ती कोणत्याही वाचनमालेनें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. यासाठीं आजीच्या तोंडासमोर बसून शिकलें पाहिजे. ओठ कसे हालतात तें मूल पाहतें. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण लावून देऊन आपण भाजी चिरीत बसण्यानें सूर येतो, वर्ण येत नाहींत. रामरक्षेचे श्लोक ३८. आठ दिवसांस एक श्लोक धरला तर दहा महिने लागतात. शाळेबरोबर आरंभ केल्यास रामनवमीच्या आगेमागें स्तोत्र पुरें होतें. याहून घाई नको. अथर्वशीर्ष पहिलीच्या मुलाकडून घोकून घेऊन गणपतींत पाहुण्यांपुढें उभें करणें हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. मुलानें अर्थ विचारला तर सांगावा, जेवढा विचारला तेवढा; न विचारल्यास वाट पाहावी. गृह्यसूत्रकारांनीं ब्राह्मणबटूच्या उपनयनास आठवें वर्ष सांगितलें, सहावें नव्हे.

एक प्रश्न मात्र मूल खात्रीनें विचारील, कारण सतरंजीवर शेजारीं कोण बसलें आहे तें त्यास दिसतें : ‘त्याचा देव वेगळा कां ?’ येथें आजोबांनीं सावध असावें. ‘त्याच्या घरीं देवास त्या नांवानें हांक मारतात, आपल्या घरीं या नांवानें’ एवढें उत्तर त्या वयास पुरतें. तत्त्वज्ञान सांगूं लागूं नये आणि चेहराही बदलूं देऊं नये. मूल उत्तरापेक्षां चेहरा अधिक वाचतें. ईदेच्या दिवशीं वर्गांतील मित्राकडून शिरखुर्मा आला तर तो घ्यावा कीं नाहीं हें प्रत्येक घराच्या आचारावर आहे. परंतु तो डबा परत करतांना त्यांत चार करंज्या किंवा निदान साखर घालावी, रिकामा पाठवूं नये, ही तर आपलीच जुनी रीत.

एका पत्रांत संस्कारवर्गाविषयीं विचारलें आहे. रविवारीं तासभर धाडण्यास हरकत नाहीं, चार मुलांत म्हणतांना घसा मोकळा होतो. परंतु वर्गाचें शुल्क भरलें म्हणजे घराची जबाबदारी फिटली, अशी समजूत असेल तर न धाडलेलें बरें.

दुसऱ्या एका आजींची अडचण खरी आहे. मुलगा-सून दोघेंही मुंबईस नोकरीला. लोकलगाडी आणि पुढें रिक्षा करून घरीं पोंचेपर्यंत नऊ वाजतात. दिवेलागणीस मूल एकट्या आजीजवळ ‘शुभंकरोति’ म्हणतें, आईबापांच्या कानीं तें कधीं पडतच नाहीं, मग त्यास त्याचें महत्त्व काय वाटणार ? यावर आमची सूचना अशी. दिवा तिन्हीसांजेलाच लावावा. ती वेळ बदलूं नये. परवचा मात्र रात्रीं पानें मांडतांना ठेवावी. जुन्या परवच्यांत श्लोकाबरोबर पाढे, पावकी-निमकी, तिथि, वार, नक्षत्र, महिन्यांचीं नांवें सगळें एका दमांत चाले. पहिलीच्या मुलापुरता वार, तिथि, दोनाचा पाढा आणि चालू आठवड्याचा श्लोक, एवढें पांच मिनिटांत आटोपतें. बापानें हातपाय धुऊन पाटावर बसावें आणि आज तिथि कोणती तें मुलास विचारावें. बापास ती स्वतःस ठाऊक नसली तरी चालेल, मूल सांगेल.