‘फोटो कसा आलाय?’

आपल्याकडे काही प्रश्नांची उत्तरं प्रश्न विचारण्याआधीच ठरलेली असतात. ‘भाजी कशी झालीय?’ याला ‘छान’. ‘प्रवास कसा झाला?’ याला ‘मस्त’. आणि ‘फोटो कसा आलाय?’ याला ‘एकदम झकास’. विचारणाऱ्याला यापेक्षा जास्त काही नको असतं आणि सांगणाऱ्यापाशीही बहुधा जास्त काही नसतं. पण मागे एका रविवारी मुलुंडला माझ्या ताईकडे एका तरुण पोराने हा प्रश्न खरोखरच उत्तर हवं म्हणून विचारला आणि आम्हा सगळ्यांची पंचाईत झाली.

निमित्त होतं भाचीच्या साखरपुड्याचं. मुलगा बोरिवलीचा. नकाशावर पाहिलं तर मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त डोंगर आहे. पण तो डोंगर म्हणजे शंभरावर चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान! त्यामुळे सोयरिकीच्या बोलण्यांसाठी दोन्ही घरच्यांना घोडबंदर रस्त्याने वळसा घालून जावं लागत होतं. हल्ली साखरपुड्याच्या हॉलच्या दाराशी जोडप्याचा मोठा फोटो लावतात, तसा तो इथेही हवा होता. मुलांनी तो त्याच उद्यानात, बोरिवलीच्या बाजूने जाऊन, रीतसर परवानगी घेऊन काढून घेतला. फोटोग्राफर ताईच्या सोसायटीतलाच, चोविशीतला मुलगा. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम.

तो लॅपटॉप घेऊन आला, टीव्हीला जोडला आणि हातात वही-पेन घेऊन म्हणाला, ‘‘सगळ्यांनी मोकळेपणाने सांगा हं. काय आवडलं, काय नाही. मी लिहून घेतो.’’

घरात दहा-बारा माणसं. मग काय! ‘‘ही जरा अंगाने भरलेली दिसतेय.’’ ‘‘त्याचे केस आत्ताच विरळ व्हायला लागलेत का गं?’’ ‘‘जोडा शोभतो, पण उंचीत काहीच फरक नाही.’’ ‘‘हिने मोत्याचं घालायला हवं होतं.’’ एक आत्याबाई चष्मा पुसून म्हणाल्या, ‘‘काहीही म्हणा, पोरगी गोरी दिसतेय हो!’’ मी आपला प्रत्येक फोटोला ‘छान, छान’ म्हणत होतो. पाऊण तासानंतर माझं लक्ष त्या मुलाच्या वहीकडे गेलं. वहीचं पान कोरं होतं.

आणि मग इतका वेळ गप्प बसलेली भाची म्हणाली, ‘‘मामा, ही मी नाही.’’

पोरगा गोरामोरा झाला. म्हणाला, ‘‘काकूंनीच फोनवर सांगितलं होतं, जरा उजळ कर म्हणून.’’ ताई उठली आणि ‘चहा टाकते’ म्हणून आत गेली. आधीच्या चहाचे कप अजून अर्धे भरलेले होते.

घरी परतताना लोकलमध्ये मी विचार करत होतो. पाऊण तास आम्ही बारा माणसं बोललो, आणि फोटोबद्दल एक अक्षर बोललो नाही. बोललो ते फोटोतल्या माणसांबद्दल. केस, वजन, उंची, दागिने, रंग! यातली एकही गोष्ट फोटोग्राफरच्या हातातली नव्हती. एकच होती, रंग. आणि नेमकी तीच त्याच्याकडून चुकीची करवून घेतली गेली होती. माझी ‘छान’ची जपमाळ तरी काय वेगळी होती? तीही अंग चोरण्याचीच एक तऱ्हा.

मी उमेदीची वर्षं बँकेत काढली. शाखेची तपासणी व्हायची तेव्हा कच्चा तपासनीस लिहायचा, ‘कारभार ढिला आहे.’ ते वाचून डोकं तापायचं आणि सुधारणा शून्य. मुरलेला तपासनीस लिहायचा, ‘अमुक कर्जखात्यात तारणाच्या मूल्यांकनावर सही नाही.’ या वाक्याचा राग येत नसे, कारण त्यातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येत असे. पुढे कादंबऱ्या लिहायला लागल्यावर हाच अनुभव आला. ‘कादंबरी आवडली’ म्हणणाऱ्यांचे मी आभार मानले, पण उपयोगी पडला तो संपादक, ज्याने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘हे पात्र इथे का बोलतं?’ फोटोचंही वेगळं काही नाही.

खरं तर फोटो समोर ठेवून त्यावर चारचौघांत बोलण्याची रीत आपल्या मुंबईला नवी नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था इथे १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक हौशी छायाचित्रकार. पुढे १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. अशा मंडळांतून एक साधा संकेत आढळतो. फोटो मांडला जातो, पण तो कोणी काढला ते परीक्षकाला सांगत नाहीत. बोलायचं ते समोर जे दिसतं त्याबद्दल. घरात नावं झाकता येत नाहीत हे खरं. पण थोडा वेळ नाती बाजूला ठेवता येतात.

एडमंड फेल्डमन नावाचे एक अमेरिकन कलाशिक्षक होऊन गेले. चित्रावर बोलायच्या त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. आधी काय दिसतं ते नुसतं सांगा. मग त्याची मांडणी कशी आहे ते पाहा. मग त्यातून अर्थ काय निघतो तो शोधा. बरं की वाईट, हा निकाल सगळ्यात शेवटी. आपण पहिल्या तीन पायऱ्या ओलांडून थेट चौथीवर उडी मारतो, आणि तीही चुकीच्या जिन्यावर.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला मुद्दाम बोलावून घेतलं. तो, भाची, होणारे जावईबुवा आणि मी, एवढेच. पुन्हा फोटो लावले आणि चार पायऱ्यांचा प्रयोग करून पाहिला. नुसतं ‘काय दिसतं’ एवढंच सांगायचं म्हटल्यावर काय काय दिसायला लागलं! फोटो झाडाखाली काढलेले. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, तो दोघांच्या गालांवर उतरला होता. ऊन माथ्यावरचं, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या. जावईबुवांच्या बरोबर डोक्यामागे बांबू, जणू टाळूतूनच उगवलेला. भाचीचा हात त्याच्या पाठीमागे गेलेला, त्यामुळे मनगटाशी तोडल्यासारखा. साडीचे जरीचे काठ चेहऱ्यापेक्षा उजळ, म्हणून नजर आधी काठांवर जात होती. आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघत होते. पासपोर्टचे दोन फोटो शेजारी चिकटवावेत तसे.

मुलाने सांगायला सुरुवात केली, ‘‘काका, त्या दिवशी उशीर झाला होता, ऊन चढलं होतं, शिवाय...’’ मी म्हटलं, ‘‘बाबा रे, सगळं खरं असणार. पण हॉलच्या दाराशी फोटोशेजारी उभं राहून प्रत्येक पाहुण्याला तू हे सांगणार आहेस का?’’ तो हसला आणि लिहायला लागला. टीका ऐकणाऱ्याने एवढंच करायचं असतं. लगेच खुलासा द्यायचा नाही. लिहून घ्यायचं, आणि कळलं नाही तर ‘नेमकं कुठे?’ असं विचारायचं. मान्य करायचं की नाही, ते घरी जाऊन ठरवता येतं.

फोटोंच्या त्या ढिगात एक फोटो होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ‘हा सोडा’ म्हणून पुढे ढकललेला. दोन पोझच्या मधल्या क्षणी काढलेला. भाची त्याच्या खांद्यावर पडलेलं वाळकं पान उचलतेय आणि तो काहीतरी बोलता बोलता थांबलाय. कॅमेऱ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. हात दिसतात आणि ते काहीतरी करत आहेत. मी म्हटलं, ‘‘तुला फोटो काढता येतो, हे या एका फोटोवरून कळतं. हा तू कसा काढलास ते आठव, आणि बाकीचे तसे काढ.’’ चूक दाखवण्याइतकंच हेही टीकेचं काम आहे. कुठे साधलंय ते बोट ठेवून दाखवलं, तरच नवशिक्याला पुढची वाट दिसते.

आता रंगाचं. त्याबद्दल त्या मुलाला एकट्याला दोष देणं अन्यायाचं होईल. फोटोतला माणूस ‘सुधारण्याची’ सवय जुनी आहे. कॉम्प्युटर येण्यापूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने हात फिरवून सुरकुत्या आणि डाग घालवत. फिल्मच्या जगातही गोऱ्या कातडीला मान होता. कोडॅक कंपनी रंगांचा मेळ जमवण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुन्याचं कार्ड देई, त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ या नावानेच ते ओळखलं जाई. जगभरच्या सावळ्या, काळ्या चेहऱ्यांचे रंग त्या मापाने ठरत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं १९९० च्या दशकात आली.

आणि आपल्या घरांत तर वेगळ्या कार्डाची गरजच नव्हती. ‘मुलगी पाहण्या’आधी मुलीचा फोटो जायचा, आणि फोटोआधी स्टुडिओवाल्याला सूचना जायची. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्या नावातून ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडावं लागलं. तो निर्णय घेणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय आपल्या अंधेरीत, चकाल्याला आहे. त्याच वर्षी शादी डॉट कॉम या मुंबईच्याच विवाहस्थळाने वर्णानुसार स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या तरुणींनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे ती गेली. संकेतस्थळावरची सोय एका दिवसात काढता येते. मनातली काढायला वेळ लागतो.

मग फोटोत हातच लावायचा नाही का? तसंही नाही. त्याच मुलाला कोणा जुन्याजाणत्याने सांगितलेला एक नियम मला फार पटला. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, ते फोटोतून काढायला हरकत नाही: कपाळावरची पुटकुळी, डासाचा चावा, जागरणाचे डोळे. जे जन्मभर राहणार आहे, त्याला हात लावायचा नाही: तीळ, नाकाचा आकार, कातडीचा रंग. हा नियम त्याला ठाऊक होता. पण ‘काकूंनी सांगितलं’ म्हटल्यावर चोविशीतल्या पोराने काय करावं?

फोटो पाहून स्वतः नाराज होणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत १९७७ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरुणींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले. एक जसाच्या तसा, दुसरा आरशात दिसतो तसा उलटा. त्यांना स्वतःला उलटा जास्त आवडला. त्यांच्या मैत्रिणींना आणि प्रियकरांना मात्र सरळ. आपण जन्मभर आरशातला चेहरा बघतो, लोक खरा बघतात. म्हणून ‘मी अशी दिसते?’ असं वाटलं, तर लगेच फोटोग्राफरवर चिडू नये. शेजारी बसलेल्याला विचारावं. भाचीच्या बाबतीत तेही केलं. जावईबुवा पडद्याकडे बघून सरळ म्हणाले, ‘‘मी हिला रोज भेटतो. हिचा रंग असा नाही.’’ नाराजी नेहमीच आरशाची नसते. कधी कधी ती अगदी रास्त असते.

मुलाने उजळ करण्याआधीच्या मूळ प्रती जपून ठेवल्या होत्या, हे त्याचं शहाणपण. त्याने खांद्यावरच्या पानाचा तो फोटो घेतला, गालांवरची हिरवट झाक काढली, आणि बाकी काही केलं नाही. मग ताईला हाक मारली. इतका वेळ ती स्वयंपाकघरातच होती. आमचं सगळं बोलणं तिला ऐकू गेलं असणार. मुलुंडच्या दोन खोल्यांत काय लपतं?

पदराला हात पुसत ती टीव्हीसमोर उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. भाची तिच्याकडे बघत होती, फोटोग्राफर वहीकडे. मला वाटलं, आता ही म्हणणार, ‘बरा आहे, पण...’

ताई म्हणाली, ‘‘अरे, ही तर आपल्या आईसारखी दिसते रे.’’

आमची आई सावळी होती. तिचा लग्नाच्या वेळचा एकच फोटो आमच्या घरात होता, आणि त्यात स्टुडिओवाल्याने तिला गोरी केलेलं होतं. आई खरी कशी दिसायची, ते आम्हा भावंडांखेरीज आता कोणाला माहीत नाही. भाचीच्या मुलांना तरी त्यांची आई कशी दिसायची, ते फोटोवरून कळेल.

साखरपुड्याच्या दिवशी हॉलच्या दाराशी तोच फोटो होता. येणारा प्रत्येक जण थांबायचा, बघायचा आणि म्हणायचा, ‘‘छान आलाय!’’ त्या मुलाने माझ्याकडे बघून हळूच डोळे मिचकावले. त्याच्या वहीत त्या दिवशीही काही लिहिलं गेलं नाही, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. ऐकायचं ते त्याने वेळेवर ऐकलं होतं.