फायटरचे रानातले भाऊबंद

फायटर मासा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. दुकानाच्या फळीवर ओळीने मांडलेल्या बाटल्या आणि प्रत्येकीत झालरीसारखे पर पसरून बसलेला एकेकटा जीव. "याला फार पाणी लागत नाही हो, हवेचा पंपसुद्धा नको," हे दुकानदाराचं ठरलेलं वाक्य. ते अर्धं खरं आहे. कल्ल्यांच्या जोडीला या माशाला एक जादा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन थेट हवा घेऊ शकतो. पण घुसमटत नाही म्हणजे सुखात आहे असं नव्हे. विरार लोकलमध्ये माणसं रोज तासभर उभी राहतात, म्हणून कोणी तिथे बिऱ्हाड थाटत नाही.

हा बाटलीतला मासा माणसाने घडवलेला आहे. थायलंडमध्ये त्याची पैदास किमान चारशे वर्षं चालू असावी, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मानही दिला. पण बेट्टा म्हणजे हा एकटाच नव्हे. त्याचे सत्तरहून अधिक जातभाई आग्नेय आशियात आहेत, आणि त्यांतले बरेचसे इथून, म्हणजे सिंगापूरहून, फार लांब राहत नाहीत.

सारावाकमधला बेट्टा ब्राउनोरम घ्या. करंगळीपेक्षाही छोटा, रंग कोकमाच्या आगळासारखा, कुशीवर एक हिरवानिळा ठिपका. तो राहतो ते पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी. हजारो वर्षं साचलेल्या पालापाचोळ्यातून झिरपलेलं, इतकं आम्लयुक्त की पीएच चारच्याही खाली जातो.

आता असा मासा पाळायचा तर टाकी कशी हवी? इथे माझं हल्लीच्या झाडांच्या टाक्यांच्या शौकिनांशी जमत नाही. ताकाशी अमानो या जपानी कलावंताने या प्रकाराला जगभर नाव मिळवून दिलं, आणि त्याच्या टाक्या सुंदर आहेतच. पण लखलखीत दिवे, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, दर आठवड्याची कात्री हा सगळा थाट झाडांसाठी. त्यात मासा म्हणजे फुलदाणीतलं फूल. रानातल्या बेट्टाला अंधूक उजेड, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन, वर तरंगणारी पानं आणि तळाशी पाचोळा पुरतो. पाचोळा कसला, तर देशी बदामाचा! आपल्या शाळांच्या आवारात रोज झाडून फेकला जातो तोच इथे पाकिटात घालून विकतात.

झाडांचं खरं काम मात्र शोभेचं नाही. इतक्या आम्ल पाण्यात माशांची घाण पचवणारे जीवाणू मंदावतात. त्याच आम्लामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो आणि ते रूप झाडं खाऊन टाकतात. ६० सेंटीमीटरच्या टाकीत एक जोडी, साधा स्पंज फिल्टर आणि घट्ट झाकण एवढं पुष्कळ झालं. झाकण विसरू नका. एक तर हे पठ्ठे उड्या मारतात, शिवाय वरची हवा उबदार आणि दमट राहिलेली बरी.

मासा आणायचा कुठून, हा मात्र शोभेचा प्रश्न नाही. माझं मत स्पष्ट आहे : टाकीत जन्मलेलाच घ्यावा. एका ओढ्यापुरत्या उरलेल्या जातीतले चार मासे उचलणं म्हणजे एखाद्या वाडीतली चार घरं उचलण्यासारखं आहे. सह्याद्रीतल्या 'मिस केरला' माशाची उपसाउपशीने काय अवस्था झाली ते आपल्यासमोर आहेच. आणि पैदास करणाऱ्याने जाती एकमेकींत मिसळू नयेत, नको झालेले मासे नाल्यात सोडू नयेत.

पण मग "आम्ही टाकीत जात वाचवतो" अशी फुशारकी मारणाऱ्या मंडळींशीही माझं पटत नाही. काचेच्या पेटीत दलदल वाचत नाही. या दलदलींचा मोठा शत्रू जाळंवाला नाही, तर पाण्याचा निचरा करायला खणलेला कालवा आहे. पाणी उतरलं की पाचोळ्याचा तो थर वाळतो, पेटतो आणि महिनोन्महिने धुमसतो. २०१५ साली इंडोनेशियातल्या अशा आगींच्या धुरामुळे सप्टेंबरात सिंगापूरच्या शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. सुकलेल्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणी तेलताड लागतो, आणि जगात पामतेलाची सर्वांत मोठी आयात करणारा देश आपलाच. बिस्किटं, फरसाण, दिवाळीची स्वस्त मिठाई, सगळीकडे ते आहे. पुण्यात बसून बेट्टा ब्राउनोरमशी आपला काही संबंध नाही असं वाटत असेल, तर फरसाणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून बघा.

गावाकडच्या मित्रांपैकी कोणाला हौस आलीच, तर विमानाने मासे मागवायची गरज नाही. केरळ-तामिळनाडूच्या भातखाचरांत आणि ओढ्यांत याच कुळातला एक छोटा मासा आहे, स्यूडोस्फ्रोमेनस कुपानस. तोही वर येऊन हवा घेतो, तोही बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि नर पिलांवर पहारा करतो. दिसायला मातकट, त्यामुळे त्याला फारसं कोणी विचारत नाही. त्याच्यासाठीही टाकी वर सांगितली तशीच लावा, फक्त पाणी इतकं आम्ल नको. आणि बदामाची पानं विकत घेऊ नका.