जोहान्सबर्गचे चार दिवस

गेल्या महिन्यात नांदेडच्या आमच्या घरी एका टिपणावरून लहानसे रामायण घडले. आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे असतात. "आषाढात या, चार दिवस रजा काढून शहर दाखवितो," असे त्यांचे आग्रहाचे बोलावणे आले. तीन तपे शाळेची वेळापत्रके आखण्यात घालविलेल्या माझ्यासारख्यास आणखी काय हवे? त्याच रात्री मी चार दिवसांत चौदा स्थळे बसविली आणि सकाळी ते टिपण सौभाग्यवतींच्या हाती दिले. त्यांनी ते शांतपणे वाचले व इतकेच विचारले, "अहो, यात मी बसायचे कोठे?"

त्यांचे गुडघे दुखतात, हे मी विसरलो होतो असे नव्हे. टिपणात ते धरलेच नव्हते. चूक उघड होती, तथापि ती मान्य करावयास मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत एका जुन्या प्रसंगाची आठवण झाली.

सन 1912 च्या ऑक्टोबरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी प्रत्यक्ष पाहावी, हा त्यांचा हेतू. गांधीजी दौऱ्यात त्यांच्यासोबत होते. जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर 'टॉल्स्टॉय फार्म' हा सत्याग्रही कुटुंबांचा आश्रम होता, तेथे गोखल्यांना नेण्याचा बेत ठरला. स्थानकापासून आश्रम मैल-दीड मैल, वाहन नाही, त्यातच पाऊस आला. नाजूक प्रकृतीचे गोखले गारठून गेले. आश्रमवासी जमिनीवर निजतात असे कळताच तेही जमिनीवरच निजले. आपल्या प्रेमात विवेक नव्हता, हे गांधीजींनी पुढे दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात प्रांजळपणे लिहून ठेविले आहे. यजमानाचा उत्साह हे पाहुण्याच्या शरीराचे माप नव्हे, हा यातील बोध. महात्म्यासही जो चुकला, तो माझ्यासारख्या शाळामास्तरास चुकावा यात नवल ते काय!

यास्तव दुसरे टिपण शरीरापासून आरंभिले. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहा हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वराहूनही बरेच उंच आहे. शिवाय पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. आपल्याकडे पावसाळा लागतो तेव्हा तेथे कोरडा हिवाळा असतो. दिवसा ऊन सुखद लागते, परंतु रात्री कडाक्याची थंडी पडते. तेव्हा छत्रीऐवजी लोकरीचे कपडे घ्यावे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणून औषधांच्या वेळा वैद्यांना आधीच विचारून लिहून घ्याव्या.

एवढ्यात लातूरचे आमचे व्याही व विहीणबाईही सोबत निघाल्या. व्याही हिशेबी गृहस्थ. त्यांनी अदिस अबाबा मार्गे जाणारे स्वस्त तिकीट शोधून काढले. मात्र त्या मार्गात चौदा तासांचा मुक्काम होता. भारतातून जाणाऱ्यास दक्षिण आफ्रिकेत एरवी पीतज्वराच्या लसीचा दाखला लागत नाही. परंतु पीतज्वराच्या देशात बारा तासांहून अधिक थांबून आल्यास तो मागतात, आणि इथिओपिया व केनिया हे तसे देश आहेत. परतताना भारतातही याबद्दल विचारणा होते. ही लस निदान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. आणि साठी उलटलेल्यांस तिचा अपाय होण्याचा संभव अधिक, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. आम्ही चौघेही साठीपलीकडचे. सबब दुबईमार्गे जाण्याचे ठरले. पैसे अधिक पडतील. पण चार दिवसांच्या सुखासाठी प्रकृती पणास लावण्यात कसली काटकसर? व्हिसाचे अर्ज मात्र आताच द्यावयाचे, आणि मुंबईस एक दिवस आधी पोहोचावयाचे. आगगाडीला उशीर झाला म्हणून विमान थांबत नाही.

आता राहिली स्थळे. त्यांची निवड करताना मी स्वतःस एकच प्रश्न विचारला: हे आपण का पाहावयाचे? ज्याचे उत्तर सापडले नाही, ते गाळले. पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी 'कॉन्स्टिट्यूशन हिल'. तेथील जुन्या तुरुंगात गांधीजी होते व पुढे नेल्सन मंडेलाही होते. आज त्याच जागी त्या देशाचे संविधान न्यायालय उभे आहे, आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा त्याच्या बांधकामात वापरल्या आहेत. तिसऱ्या दिवशी सोवेटो. सरकारने आफ्रिकान्स ही भाषा शाळांतून माध्यम म्हणून लादली, तिच्या विरोधात 16 जून 1976 रोजी तेथील विद्यार्थी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात जी मुले पडली, त्यांत बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन होता. त्याचे स्मारक व संग्रहालय तेथे आहे.

आम्हां मराठवाड्याच्या लोकांना हे परके वाटू नये. निजामी राजवटीत आमच्या वडिलांच्या पिढीने माध्यमिक शिक्षण बहुधा उर्दूतून घेतले. घरी मराठी आणि फळ्यावर दुसरी भाषा, अशी त्यांची शाळा होती. 17 सप्टेंबर 1948 नंतर ही स्थिती पालटली. भाषा शिकणे निराळे आणि ती लादली जाणे निराळे, हे आमच्या घरांना ठाऊक आहे. आणि गोखले? त्याच दौऱ्यात गांधीजींच्या आग्रहावरून ते हिंदी लोकांच्या सभांतून मराठीत बोलले. गांधीजी त्यांचा अनुवाद हिंदुस्थानीत करीत. त्या दूरदेशी मराठी शब्द ऐकून कोकणी मुसलमानांना व मराठी मंडळींना काय वाटले असेल, याची कल्पना करावी!

चौथा दिवस मी मोकळा ठेविला होता. टॉल्स्टॉय फार्मची मूळ वसाहत आता उरलेली नाही, म्हणून ते स्थळ मीच खोडले होते. नवे टिपण सौभाग्यवतींनी वाचले आणि म्हणाल्या, "ज्या जागेने तुम्हांला शहाणे केले, तीच खोडलीत? ती घ्या. मात्र मोटार थेट आतपर्यंत न्या."

तसे टिपण दुरुस्त केले आहे. आता चार दिवसांत तीन स्थळे आहेत, आणि बसावयास जागाही भरपूर आहे.