विश्लेषण : गेममधल्या शिवीला शिक्षा हवीच, पण ती ठरवणाऱ्याला मराठी कळते का?

मॅच हरली, माइकवर तोंडातून शिवी गेली आणि दुसऱ्या दिवशी लॉगइन करताना स्क्रीनवर एकच ओळ दिसली : आचारसंहितेचा भंग केल्यामुळे अकाउंट निलंबित. कोणते वाक्य, कोणत्या मॅचमधले, शिक्षा कशावरून ठरली, याचा काही पत्ता नाही. दुसरीकडे, मुलीचा आवाज ऐकताच घाणेरडे बोलू लागलेल्या खेळाडूला रिपोर्ट करावे, तर तोच पुढच्या आठवड्यात पुन्हा लॉबीत भेटतो. ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम खेळणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींना या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. वरवर त्या एकमेकींच्या उलट वाटतात, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. शिक्षा देणारी यंत्रणा बोलणे समजून न घेता निकाल देते आणि निकालाचे कारण सांगत नाही.

शिक्षा कोणकोणत्या असतात?

सर्वात हलकी शिक्षा म्हणजे म्यूट : खेळता येते, पण लिहिता-बोलता येत नाही. त्यापुढची म्हणजे काही तास किंवा काही दिवस मॅचबंदी. 'डोटा २'मध्ये 'लो प्रायॉरिटी' नावाची वेगळी रांग आहे; तिथे पाठवलेल्या खेळाडूला ठरावीक मॅच जिंकल्याशिवाय नेहमीच्या खेळात परतता येत नाही. सर्वात कडक शिक्षा म्हणजे कायमची अकाउंटबंदी. तिच्याबरोबर रँक जाते, विकत घेतलेल्या स्किन जातात आणि अनेक वर्षांचा खेळही जातो.

काही कंपन्यांनी या शिक्षांची पायरी लिहून ठेवली आहे. 'रेनबो सिक्स सीज'मध्ये युबिसॉफ्टने २०१८ मध्ये चॅटमधल्या द्वेषपूर्ण शब्दांवर आपोआप बंदी आणली. पहिल्या वेळी अर्धा तास, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दोन तास आणि त्यानंतर चौकशी करून गरज पडल्यास कायमची बंदी, असा तो क्रम होता. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ मध्ये एक्सबॉक्ससाठी आठ 'स्ट्राइक'ची पद्धत आणली. शिवीगाळीला एक स्ट्राइक आणि द्वेषपूर्ण बोलण्याला तीन. प्रत्येक स्ट्राइक सहा महिने खात्यावर राहतो आणि आठ भरले की वर्षभर चॅट, पार्टी यांसारख्या सुविधा बंद होतात.

या पद्धतीत दोन गोष्टी योग्य आहेत. शिवी आणि द्वेष यांना एकाच मापाने मोजलेले नाही आणि आपण कितव्या पायरीवर आहोत, हे खेळाडूला दिसते. अनेक मोबाइल गेममध्ये मात्र 'अयोग्य वर्तन' एवढाच शब्द असतो आणि त्यात सगळे बसवले जाते.

जास्त रिपोर्ट आले म्हणजे गुन्हा सिद्ध?

चॅटवरची कारवाई बहुतेक वेळा रिपोर्टच्या बटणापासून सुरू होते. अडचणही तिथेच आहे. चौघे मित्र आणि पाचवा अनोळखी, अशी टीम हरली की राग पाचव्यावर निघतो. चौघांनी मिळून चार रिपोर्ट टाकले की तो 'विखारी' ठरू शकतो, मग तो मॅचभर गप्प बसलेला असला तरी. रिपोर्टची संख्या ही संशयाची खूण आहे. तिला पुरावा मानता येत नाही.

या बाबतीत 'काउंटर स्ट्राइक'ने फेब्रुवारी २०२० मध्ये घेतलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. इतरांच्या तुलनेत ज्याच्याविरुद्ध शिवीगाळीच्या तक्रारी फारच जास्त आहेत, त्याला आधी इशारा द्यायचा आणि तरीही सुधारणा नसेल तर त्याचा आवाज इतरांसाठी म्यूट ठेवायचा. ज्यांना तो ऐकायचा आहे ते म्यूट काढू शकतात. इथे आधार फक्त तक्रारींचा आहे, म्हणून शिक्षाही सौम्य आहे. हे सूत्र सगळीकडे लागू व्हायला हवे : पुरावा जेवढा कच्चा, शिक्षा तेवढी हलकी. कायमच्या बंदीसाठी मात्र प्रत्यक्ष बोललेले वाक्य तपासलेच पाहिजे.

मराठी खेळाडूंची अडचण वेगळी का?

वाक्य तपासायचे तर ते कळायला हवे. इथे मराठी खेळाडू दोन्ही बाजूंनी मार खातो.

शूटर गेममध्ये 'मार त्याला', 'मेलो', 'डोकं उडव' ही रोजची भाषा आहे. 'आयला', 'च्यायला' हे तर अनेकांच्या तोंडात स्वल्पविरामासारखे येतात. जिवलग मित्राला 'येड्या' म्हणणे आणि अनोळखी माणसाला तेच ओरडून म्हणणे, यातला फरक शब्दांच्या यादीला कळत नाही. त्यातच चॅटमधली मराठी बहुधा रोमन लिपीत, हिंदी-इंग्रजी मिसळून आणि प्रत्येकाच्या आपल्या स्पेलिंगने लिहिलेली असते.

उलट, 'जा, पोळ्या लाट' या वाक्यात एकही शिवी नाही. पण मुलीचा आवाज ऐकून ते म्हटले जाते तेव्हा त्याचा हेतू एकच असतो : तिने माइक बंद करावा. एखाद्या जातीचे नाव तुच्छतेने उच्चारले, तर शब्दकोशात तो साधा शब्द असतो. ऐकणाऱ्याला मात्र तो घाव असतो. शब्दांच्या यादीवर चालणारी यंत्रणा हसतखेळत दिलेली शिवी पकडते आणि खरा विखार सोडून देते.

आवाज तपासणारी नवी तंत्रेही आधी इंग्रजीत आली. रायट गेम्सने जुलै २०२२ मध्ये 'व्हॅलोरंट'मधला आवाज नोंदवून प्रणाली शिकवायला सुरुवात केली, ती उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीत. 'कॉल ऑफ ड्यूटी'ने ऑगस्ट २०२३ मध्ये 'टॉक्समॉड' ही आवाज तपासणारी एआय प्रणाली जाहीर केली. तिचीही सुरुवात इंग्रजीने झाली आणि त्या वर्षी नोव्हेंबरमधल्या जागतिक विस्तारात आशिया वगळलेला होता. ही प्रणाली फक्त खूण करते, शिक्षेचा निर्णय कंपनी घेते. तिथे बसलेल्या माणसाला मराठी येत नसेल, तर मग खूण आणि निकाल यांत अंतर उरत नाही.

मराठीसाठी हे जमण्यासारखे आहे का?

आहे, आणि त्याचे काम पुण्यातच झाले आहे. 'एल३क्यूब पुणे' या गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' हा मराठी ट्वीटचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात २५ हजारांहून अधिक ट्वीट माणसांनी वाचून चार गटांत विभागली आहेत : द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेली. २०२३ मध्ये याच गटाने मराठी-इंग्रजी सरमिसळ भाषेचा एक कोटी वाक्यांचा संग्रहही तयार केला.

या विभागणीचे महत्त्व मोठे आहे. 'शिवराळ' आणि 'द्वेषपूर्ण' हे दोन वेगळे गट आहेत, हे इथे मान्य केले गेले. ट्वीट आणि मॅचमधला आरडाओरडा यांत फरक आहे, त्यामुळे असे मॉडेल उचलून थेट गेममध्ये बसवता येणार नाही. पण 'मराठीसाठी साहित्यच नाही' ही सबब आता चालण्यासारखी नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राला धूसर नियमांचा अनुभव आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील एका पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम '६६ अ'खाली. 'त्रासदायक', 'अत्यंत आक्षेपार्ह' अशा शब्दांवर उभे असलेले हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. नेमके काय बोलले की गुन्हा होतो, हेच त्यातून कळत नव्हते. गेम कंपनी म्हणजे सरकार नव्हे आणि अकाउंटबंदी म्हणजे अटक नव्हे. तरीही तत्त्व तेच लागू पडते : नियम आधी स्पष्ट सांगितला नसेल, तर तो मोडल्याची शिक्षा न्याय्य ठरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. गेम आहे म्हणून सगळे माफ होत नाही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठार मारण्याच्या किंवा बलात्काराच्या धमक्या, जातीवाचक शिवीगाळ यांसाठीही कायदे आहेत. अशा प्रकरणात कंपनीने नुसते म्यूट करून हात झटकणे हा पीडितेवरचा अन्याय आहे.

मधल्या जागेसाठी मात्र खेळाडूच्या हाती फारसे काही नाही. २०२१ च्या आयटी नियमांनी ऑनलाइन मंचांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले. २०२३ पासून त्याच्या निर्णयावर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत दाद मागता येते. पण हा साचा सोशल मीडिया डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवरील बंदीवर आहे. युरोपीय संघात मात्र डिजिटल सेवा कायद्यानुसार खाते बंद करताना मंचाला वापरकर्त्याला कारण द्यावे लागते.

कंपन्यांचे म्हणणे काय?

कंपन्यांकडे तीन युक्तिवाद असतात. मैदान आमचे, अटी मान्य करूनच तुम्ही आलात. तक्रारी इतक्या येतात की प्रत्येकीचे उत्तर देणे शक्य नाही. आणि पुरावा दाखवला, तर तक्रार कोणी केली हे उघड होईल किंवा लोक फिल्टर चुकवायला शिकतील.

पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे. त्या मैदानात खेळाडूने पैसेही भरलेले असतात. दुसरा मुद्दा म्यूटसाठी पटतो, कायमच्या बंदीसाठी पटत नाही. तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे : खेळाडूला त्याचेच वाक्य दाखवायचे आहे, तक्रारदाराचे नाव नव्हे. 'लीग ऑफ लिजेंड्स'ने २०११ ते २०१४ या काळात 'ट्रायब्युनल' चालवले. त्यात खेळाडूच चॅटची नोंद वाचून दोषी की निर्दोष, हे मत देत. शिक्षा झालेल्यांना त्यांच्या बोलण्याची नोंद दाखवल्यावर सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे रायटनेच सांगितले होते. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. विखारी बोलण्यातला मोठा वाटा कायम तसेच वागणाऱ्यांचा नव्हता. एरवी नीट खेळणाऱ्यांचा एखादा दिवस बिघडलेला असे. अशा माणसाला त्याचे वाक्य दाखवले की बहुधा लाज वाटते. अकाउंट काढून घेतले तर तो नवे अकाउंट उघडतो, आणि राग तेवढाच ठेवून येतो.

न्याय्य शिक्षा कशी असावी?

• वाक्य दाखवा : शिक्षेच्या सूचनेत मॅच, वेळ आणि आक्षेपार्ह वाक्य द्यावे.

• चॅटचा गुन्हा, चॅटची शिक्षा : साध्या शिवीगाळीसाठी बोलणे बंद करावे, खेळणे नव्हे. पैसे भरून घेतलेल्या वस्तू त्यासाठी हिरावू नयेत.

• शिवी, छळ, द्वेष आणि धमकी वेगळी मोजा : धमकी आणि जात-लिंगावरून केलेला छळ यांसाठी पायऱ्या ओलांडून थेट कडक शिक्षा असावी.

• भाषा कळणारा माणूस ठेवा : कायमच्या बंदीआधी आणि अपिलात मराठी बोलणे मराठी कळणाऱ्यानेच तपासावे.

• तक्रारदाराला उत्तर द्या : कारवाई झाली की नाही, एवढे तरी कळवावे. खोटे रिपोर्ट सतत टाकणाऱ्यांच्या तक्रारींचे वजन कमी करावे.

यातले काहीच आवाक्याबाहेरचे नाही. 'इंडस' हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणणारी सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची. 'रिअल क्रिकेट' बनवणारी नॉटिलस मोबाइलही पुण्याची. २०२५ मध्ये तिचा नियंत्रक हिस्सा 'बीजीएमआय'च्या क्राफ्टनने घेतला. युबिसॉफ्टचा स्टुडिओही याच शहरात आहे. मराठी कळणारी माणसे शोधायला या कंपन्यांना लांब जावे लागणार नाही. त्यांना अपिलाच्या टेबलावर बसवले, तर रागाच्या भरात 'च्यायला' म्हणणाऱ्या मुलाचे अकाउंट वाचेल आणि 'पोळ्या लाट' म्हणणाऱ्याला पहिल्यांदाच जाब द्यावा लागेल.