शोक आणि स्वाध्याय : बनारसीदासांची साक्ष

दीपावलीला वहीपूजन करताना अनेक पेढ्यांवर पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीची कामना लिहिली जाते. लिहिणाऱ्याला क्वचितच स्मरण असते, की ज्या पहाटे गौतमस्वामींना केवलज्ञान झाले, तिच्या आधीची रात्र विलापाची होती. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांनी त्यांना देवशर्मा ब्राह्मणाच्या प्रतिबोधासाठी पाठविले होते. परतीच्या वाटेवर पावापुरीतील निर्वाणाची वार्ता कळली आणि चार ज्ञानांचे धनी असलेले प्रथम गणधर शोकाकुल झाले. विनयप्रभ उपाध्यायांनी संवत १४१२ मध्ये रचलेल्या ‘गौतमस्वामींच्या रासा’त हा विलाप आला आहे, आणि नूतन वर्षाच्या प्रभाती आजही तो रास भक्तिभावाने म्हटला जातो. म्हणजे आपल्या वर्षाचा आरंभच एका शोककाव्याच्या श्रवणाने होतो.

असे असताना आपल्या घरांत मृत्यू झाला, की पहिला उपदेश कोणता केला जातो? “रडू नका, आर्तध्यान होते.” हा उपदेश शास्त्राला धरून आहे, यात शंका नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात इष्टवियोगाचे सतत चिंतन आर्तध्यानात गणले आहे. सहाव्या अध्यायात शोक, आक्रंदन आणि परिदेवन ही असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणे म्हणून सांगितली आहेत. मग ज्याचे प्रिय माणूस गेले, त्याने काव्यात तरी शोक करावा काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. ज्या मातेचे मूल गेले आहे आणि जिला तिसऱ्या दिवशीच ‘आता आवरा’ असे सांगितले जाते, तिचाही तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर एका जैन व्यापाऱ्याने आपल्या जीवनकथेत देऊन ठेवले आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. जवाहिऱ्याचा व्यवसाय, आग्र्याची बाजारपेठ, कधी नफा तर बहुधा तोटा, असे त्यांचे आयुष्य गेले. आचार्य कुंदकुंदांच्या समयसारावर आधारलेले ‘समयसार नाटक’ हा त्यांचा प्रसिद्ध अध्यात्मग्रंथ. तो पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी, १६४१ मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून, पंचावन्न वर्षांची ही अर्धी कहाणी, असा त्या नावाचा अर्थ. नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून ती संपादून प्रकाशित केली आणि एक अनमोल ठेवा सर्वांच्या हाती आला.

या ग्रंथात शोक कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. बनारसीदासांची पहिली पत्नी खैराबादची. त्यांना दुर्धर रोग जडला आणि दुर्गंधीमुळे जवळचेही दूर झाले, तेव्हा शुश्रूषा केली ती पत्नीने आणि सासूने. पुढे आग्र्यात भांडवल बुडाले, कचोरीवाल्याच्या उधारीवर महिने काढावे लागले आणि ते रित्या हाताने सासुरवाडीस गेले. तेव्हा त्याच पत्नीने साठवलेले वीस रुपये गुपचूप त्यांच्या हाती ठेवले आणि आपल्या आईकडून आणखी दोनशे मिळवून दिले. व्यापाऱ्याच्या घरातील प्रेम कसे असते, हे या वीस रुपयांत दिसते.

काही काळाने खैराबादहून पत्र आले. पत्नी प्रसूत झाली, नवजात पुत्र गेला आणि तीही गेली. त्याच पत्रात दुसरी वार्ता होती : तिच्या धाकट्या बहिणीशी त्यांचा संबंध ठरविण्यात आला आहे. एका कागदावर मरण आणि मंगल! त्या क्षणी आपली अवस्था कशी झाली, हे सांगताना बनारसीदास लोहाराच्या सांडशीचा दाखला देतात. क्षणात ती अग्नीत असते, क्षणात पाण्यात. येथे ते अश्रूंचे वर्णन करीत बसत नाहीत. मात्र ‘मी अविचल राहिलो’ असाही दावा करीत नाहीत.

ग्रंथाच्या अखेरीस ते संसाराचा हिशेब मांडतात. तीन विवाह झाले. दोन कन्या आणि सात पुत्र झाले. त्यांतील एकही अपत्य राहिले नाही. पतिपत्नी दोघेच उरली. पानगळ झालेल्या वृक्षांची उपमा देऊन ते थांबतात. वही मिटण्यापूर्वी बाकी लिहावी, तसे हे लिहिणे आहे. आकडे स्वच्छ, आणि म्हणूनच वाचणाऱ्याचे काळीज हलते.

आपल्या मराठीत गोविंदाग्रजांनी ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत मृत बालकाला झोपलेलेच समजणारी माता चित्रित केली. तेथे शोक सत्य मानण्यास नकार देतो, आणि त्या नकारातच त्या कवितेचे कारुण्य आहे. बनारसीदासांचा मार्ग वेगळा. ते सत्य नाकारीत नाहीत आणि दुःखही नाकारीत नाहीत.

खरे मर्म याच्या पुढे आहे. अपत्यांचा हिशेब मांडल्यावर ते लगेच तत्त्वदृष्टी सांगतात : परिग्रह जितका घटेल, तितकी शांती वाढते. येथेच थांबते तर तो एक ठरीव उपदेश झाला असता. परंतु त्याच श्वासात ते सांगतात, की संसारी जीवाला हे उमगत नाही. त्याला परिग्रह हेच वैभव वाटते आणि त्याचा अभाव हा उत्पात. त्यानंतर स्वतःचे गुणदोष मोजताना ते थोड्या लाभाने फार हर्ष आणि थोड्या हानीने फार चिंता हा आपला दोष म्हणून नोंदवितात. ज्याने समयसारावर काव्य रचले, तोच लिहितो, की माझे मन अजून तेथे पोहोचलेले नाही.

शास्त्राचाही याला आधार आहे. ज्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे भेद सांगितले, तेथेच ते कोणाला होते हेही सांगितले आहे : अविरतांना, देशविरतांना आणि प्रमत्तसंयतांनाही. म्हणजे अणुव्रती श्रावकच नव्हे, तर महाव्रती मुनीही प्रमत्त अवस्थेत त्यातून सुटलेले नाहीत. आर्तध्यान त्याज्य आहे. पण ते होणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असे सूत्रकारांनी म्हटलेले नाही. शिवाय परिदेवन म्हणजे ऐकणाऱ्याला दया यावी असा आक्रोश. बनारसीदासांच्या काव्यात हा आक्रोश कोठे आहे? ते दया मागत नाहीत; जे घडले, ते नोंदवितात. शोकात वाहून जाणे एक आणि शोकाची प्रामाणिक आलोचना करणे दुसरे. प्रतिक्रमणात आपण जे करतो, ते या दुसऱ्या प्रकारचेच आहे : झाले ते लपवायचे नाही आणि धरूनही ठेवायचे नाही.

म्हणून उठावण्याला जाताना सुज्ञ श्रावक-श्राविकांनी थोडा विचार करावा. गेलेल्या माणसाविषयी घरच्यांना बोलू द्यावे, त्याचे नाव घेऊ द्यावे, वीस रुपयांसारखी एखादी आठवण सांगू द्यावी. अनित्य आणि अशरण भावना त्यानंतर म्हणाव्यात; आसवांना अडविण्यासाठी त्यांचा बांध घालू नये. गौतमस्वामींचा विलाप कोणी मध्येच थांबविला नाही. तो विलाप शेवटपर्यंत गेला, तेथे त्यांना स्वतःचा राग दिसला, आणि राग दिसला तेव्हाच तो सुटला. बनारसीदास तेथवर पोहोचले नाहीत. पण वाट त्यांनी खरी दाखविली. दुःख जसे आहे तसे लिहावे, शेजारी तत्त्व लिहावे, आणि दोहोंमधील अंतरही न लपविता लिहावे.