बाटलीच्या परतीची वाट

हरमलच्या किनाऱ्यावरील पर्यटनाचा हंगाम ओसरला की मागे काय उरते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. वाळूत रुतलेल्या काचा, खडकांच्या फटींत अडकलेल्या बाटल्या, गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील वेष्टने! फुटक्या काचेने पाय कापतो तो रापण ओढणाऱ्याचा. बाटली कारखान्यातून निघून दुकानात पोचेपर्यंत तिचा चोख हिशेब असतो. ती रिकामी झाली की मात्र तिला कोणी वाली उरत नाही.

गोवा सरकारने २०२४ साली अधिसूचित केलेल्या अनामत परतावा योजनेचा हेतू ही तुटलेली साखळी जोडण्याचा आहे. ग्राहकाने अनामत भरावी, रिकामे वेष्टन देऊन ती परत घ्यावी आणि वेष्टनावरील संकेतचिन्हावरून त्याचा माग लागावा, अशी ही कल्पना. सोड्याची बाटली परत करून पैसे घेणाऱ्या पिढीला ती नवी नाही. जर्मनीत एकवार वापराच्या बाटल्यांवर २००३ पासून अनामत आहे. तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या बाटलीमागे दहा रुपये घेतले जातात.

हा माग ठेवण्यासाठी रेडिओलहरींवर वाचले जाणारे बिल्ले वापरता येतील काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. महामार्गावरील पथकर नाक्यांवर २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग हा याच जातीचा. त्याला बॅटरी लागत नाही. नाक्यावरील यंत्राच्या लहरींवरच तो जागा होतो. असे अनेक बिल्ले खोके न उघडता एकाच वेळी वाचता येतात, हा मोठाच लाभ होय. परंतु धातू या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. त्यामुळे डबा किंवा भरलेली बाटली यांवरील साधा बिल्ला नीट वाचला जाईलच असे नाही. शिवाय बिल्ल्यातही धातू असतो. प्रत्येक टाकाऊ बाटलीला तो चिकटविणे म्हणजे कचऱ्यात नव्या कचऱ्याची भर घालणे होय. तेव्हा वारंवार ये-जा करणारे क्रेट, संकलनाचे पिंप आणि मालमोटारी यांना बिल्ले लावावेत. बाटलीला छापील संकेत पुरेसा आहे.

तथापि यंत्राहून महत्त्वाचा प्रश्न जबाबदारीचा आहे. बाटल्या मोजण्याचे व साठविण्याचे काम हरमलच्या लहान दुकानदाराने फुकट करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याचा मोबदला उत्पादकानेच दिला पाहिजे. परत न मागितलेली अनामत कंपन्यांच्या तिजोरीत न जाता किनाऱ्याच्या सफाईसाठी पंचायतीस मिळावी. आणि किती बाटल्या विकल्या गेल्या, किती परत आल्या, याचे आकडे दरमहा पंचायतीच्या फलकावर लागावेत. हा हिशेब ग्रामस्थांना पाहावयास मिळणार नसेल, तर कितीही बिल्ले लावूनही हरमलची वाळू स्वच्छ होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.