मुलाखत सातव्या सेमिस्टरला, विषय आठव्याला : कॉम्प्युटर शाखेला पोरं घालण्याआधी हे वाचा

ठाणे (खोपट) : संध्याकाळी खोपटच्या एसटी स्टँडवर भिवंडीची गाडी लागली की पाठीला बॅगा लावलेली कॉलेजची पोरं-पोरी धावतात. त्यातली बरीचशी आपल्याच तालुक्यातली. माझा पुतण्याही त्यात होता. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर शाखा. भिवंडीला गाडी बदलून अंबाडीकडे यायचं, घरी पोचेपर्यंत रात्र.

गेल्या वर्षी एका कंपनीच्या मुलाखतीत त्याला विचारलं, "बसमध्ये एकच सीट उरलीय. एक माणूस खिडकीवर तिकीट मागतोय, दुसरा त्याच क्षणाला मोबाईलवर बुक करतोय. सीट दोघांना जाऊ नये म्हणून काय करशील?" रोज खोपटच्या खिडकीसमोर उभा राहणारा पोरगा, पण उत्तर आलं नाही. निवड झाली नाही. घरी येऊन म्हणाला, "काका, हा विषय आम्हाला पुढच्या सेमिस्टरला आहे."

मी चौकशी केली. खरंच होतं. मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात 'डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग' आठव्या, म्हणजे शेवटच्या सेमिस्टरला ठेवलाय. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये याच्याच जवळचा 'हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग' तोही आठव्यालाच. आणि कंपन्या कॉलेजात येतात साधारण सातव्यापासून. पेरणी झाल्यावर बियाणं आणल्यासारखं झालं हे.

विषय काय आहे ते आपल्या भाषेत सांगतो. त्याचे दोन भाग. पहिला पॅरलल, म्हणजे एक काम अनेकांनी मिळून एकाच वेळी करायचं. धरून चाला, एका खाचराची चिखलणी दोन तास आणि एकट्याने लावणी केली तर आठ तास. एकूण दहा. लावणीला आठ माणसं घातली तर ती एका तासात उरकेल, एकूण तीन तास. मग ऐंशी माणसं घातली तर? लावणी सहा मिनिटांत, पण चिखलणीचे दोन तास कुठे जाणार? पॉवर टिलर एकच. दोन तासांच्या खाली काम येतच नाही, वर ऐंशी माणसं बांधावर एकमेकांच्या पायात. हीच गोष्ट जीन अॅमडाल नावाच्या इंजिनिअरने 1967 साली मांडली, तिला अॅमडालचा नियम म्हणतात. पोरं तो सूत्रासकट पाठ करतात. लावणी बघितलेल्या पोराला खरं तर पाठ करायची गरज नाही.

दुसरा भाग डिस्ट्रिब्युटेड. इथे कॉम्प्युटर वेगवेगळ्या गावी असतात, मध्ये नेटवर्क, ते कधीही जाणार, आणि तरी सगळ्यांचा हिशेब एकच निघाला पाहिजे. सीटचा प्रश्न याच भागातला. कोणीतरी आधी ती सीट धरून ठेवायची, पैसे आले की पक्की, नाही आले तर ठरलेल्या वेळाने मोकळी. आपला रोजचा अनुभव यूपीआयचा. खतवाल्याला पैसे पाठवले, आपल्या खात्यातून कापले, त्याला पोचलेच नाहीत. बहुतेक वेळा ते परत येतात, कारण दोन बँकांच्या मधली यंत्रणा अर्धवट राहिलेला व्यवहार शोधून एक तर पूर्ण करते, नाही तर उलटा फिरवते. ऑगस्ट 2025 मध्ये देशात एका महिन्यात 2000 कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. हे सांभाळायला माणसं लागतात, म्हणून तर मुलाखतीत असे प्रश्न येतात.

शेतकऱ्याशी सगळ्यात जवळचा संबंध पावसाच्या अंदाजाचा. पुण्याच्या आयआयटीएममध्ये 'अर्का' नावाचा महासंगणक आहे, सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला. 26 मे 2025 ला 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आली, तिच्यात अंदाजाचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 वर आला. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि हिशेबही जास्त वेळा करावा लागतो, म्हणजे काम साधारण आठपट. एका कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं नाही. म्हणून नकाशाचे तुकडे करून हजारो प्रोसेसरना वाटतात. पण माझ्या खाचरात पाणी किती येणार हे वरच्या खाचराच्या मोरीवर ठरतं ना? तसंच प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्याच्या काठावर काय चाललंय ते दर पायरीला विचारावं लागतं. हे विचारणं हळू झालं तर हजार प्रोसेसर नुसते बसून राहतात. आता एवढं करूनही आमच्याकडे पाऊस कधी कधी सांगितलेल्या दिवशी येत नाही, ते वेगळं.

हे काम आपल्याकडच्यांना जमत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. 1980 च्या दशकात अमेरिका भारताला ताकदवान महासंगणक द्यायला तयार नव्हती. तेव्हा 1988 ला पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि 1991 ला 'परम 8000' तयार झाला, तो अनेक छोटे प्रोसेसर जोडूनच. प्रमुख डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. 2024-25 पासून एआयसीटीईने एका शाखेत किती जागा असाव्यात याची वरची मर्यादा काढली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या जागा वाढवल्या. 2024 पासूनच आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली, ही चांगलीच गोष्ट. पण जागा वाढल्या म्हणून लॅबमधली मशीन आणि शिकवणारे आपोआप वाढत नाहीत. माझ्या मते प्रवेशाच्या वेळी आईबापांनी प्लेसमेंटचा बॅनर बघण्याआधी लॅब दाखवा म्हणावं. एका मशीनवर किती पोरं? ग्राफिक कार्डवाली मशीन किती, आणि ती पोरांना हात लावायला मिळतात का? लॅब किती वाजेपर्यंत उघडी? शेवटचा प्रश्न शहरातल्या बापाला पडणार नाही. आपल्याला पडतो, कारण लॅबमध्ये सात वाजेपर्यंत बसलेल्या पोराची भिवंडीवरून पुढची गाडी चुकते. पुतण्या याच कारणाने प्रॅक्टिकलच्या वहीवर दुसऱ्याचं उतरवून काढायचा. मला तेव्हा माहीत नव्हतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम बदलतायत, तेव्हा आपल्या पोराच्या वर्षाला हा विषय कुठे आहे तेही बघून घ्या. उशिरा असेल तर तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच सुरू करायला हरकत नाही. साध्या लॅपटॉपमध्ये चार-आठ कोअर असतातच, त्यावर ओपनएमपी फुकट चालतं. ग्राफिक कार्ड नसेल तर गुगल कोलॅबवर थोडा वेळ फुकट मिळतं, फक्त रेंज पाहिजे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर आहेत, तीही फुकट. डिग्रीनंतर सी-डॅकचे पीजी डिप्लोमा आहेत, त्याला सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. त्यांची फी मात्र आधी नीट विचारा.

पुतण्या आता सी-कॅटचा अभ्यास करतोय. परवा त्याने जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम चालवून दाखवला. दोन कोअरला वेळ जवळजवळ निम्मा झाला, चारला आणखी थोडा कमी, आठला उलट वाढला. "का वाढला?" मी विचारलं. म्हणाला, "काका, बांधावर गर्दी."